भर दुपारी सोलर इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतोय? इन्व्हर्टर बदलायच्या आधी हे तपासा

प्रॉब्लेम असा असतो बघा. सकाळी सगळं व्यवस्थित चालू असतं, ग्राफ छान चढत जातो, आणि अकरा-साडेअकराच्या पुढे जेव्हा सगळ्यात जास्त जनरेशन व्हायला पाहिजे नेमका तेव्हाच इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरातल्या एसी विजेत बदलणारा डबा) ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून कट होतो. काही मिनिटं शांत बसतो, परत चालू होतो, हळूहळू वर चढतो आणि परत कट. ॲपमध्ये दुपारचा भाग कंगव्याच्या दातांसारखा दिसतो. तीन-साडेतीननंतर सगळं आपोआप सुरळीत, आणि ढगाळ दिवशी तर काहीच त्रास नाही. एररच्या यादीत 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' (ग्रिड म्हणजे वीज कंपनीची लाईन) किंवा 'एसी व्होल्टेज हाय' असं काहीतरी लिहिलेलं असतं, इंस्टॉलर येऊन इन्व्हर्टर रिसेट करून जातो, दोन दिवस ढग असल्यामुळे सगळं बरं वाटतं आणि ऊन पडलं की परत तेच.

हा प्रॉब्लेम खूप कॉमन आहे आणि बहुतेक वेळा इन्व्हर्टर बिचारा बरोबरच वागत असतो. त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की त्याला बंद व्हायलाच सांगितलेलं असतं. मग प्रश्न उरतो तो एवढाच की हे व्होल्टेज वर का जातंय, तुमच्या घरातल्या वायरिंगमुळे की बाहेरच्या लाईनमुळे. ते कळलं की अर्धं काम झालं, आणि ते कळायला फार खर्चही येत नाही, एक चांगला मल्टीमीटर आणि स्वच्छ उन्हाची एक दुपार पुरते. पण लोक हे न बघता थेट नवीन इन्व्हर्टर घेतात आणि तोही तसाच ट्रिप होतो, हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण पैसे तर जातातच आणि चांगली स्वच्छ वीज रोज वाया जात राहते ती वेगळीच.

आधी खात्री करून घ्या की तुमचा प्रॉब्लेम हाच आहे, कारण दुपारी जनरेशन कमी दिसायची कारणं बरीच आहेत. ग्राफ वरून एकदम सपाट कापल्यासारखा दिसतोय आणि शून्यावर जात नाहीये, तर तो इन्व्हर्टरच्या क्षमतेची मर्यादा गाठतोय, त्यात बिघाड काही नाही. ग्राफ हळूहळू खाली येतोय पण शून्य होत नाहीये आणि इन्व्हर्टरला हात लावला तर चटका बसतोय, तर तो गरम झाल्यामुळे स्वतःच पॉवर कमी करतोय, त्याला सावली आणि आजूबाजूला मोकळी हवा द्या. पहाटे दव पडल्यावर किंवा पाऊस थांबल्यावर सकाळी सकाळी एरर येतो आणि ऊन चढल्यावर जातो, तर तो बहुधा इन्सुलेशनचा फॉल्ट आहे, कुठेतरी डीसी केबल किंवा कनेक्टरमध्ये ओल शिरतेय. थंडीत स्वच्छ सकाळी डीसी ओव्हरव्होल्टेज दाखवतोय तर स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलच्या साखळीत, पॅनल जास्त झालेत, कारण पॅनल थंड असलं की त्याचं व्होल्टेज वाढतं, दर डिग्रीला साधारण ०.३ टक्के. हे सगळे वेगळे विषय. आपला विषय म्हणजे भर उन्हात, डीसी बाजू एकदम ठीक, एसी व्होल्टेज जास्त, आणि ग्राफ सरळ शून्यावर.

आता व्होल्टेज वाढतं का ते थोडं समजून घ्या, कारण हे समजलं नाही तर पुढचे आकडे नुसते आकडे वाटतील. वीज बाहेर ढकलायची तर इन्व्हर्टरला स्वतःचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा थोडं वर ठेवावंच लागतं. किती वर, तर मधल्या वायरचा रेझिस्टन्स गुणिले करंट एवढं. जितका करंट जास्त आणि वायर जितकी लांब आणि बारीक, तितका इन्व्हर्टरला जास्त जोर लावावा लागतो. म्हणून हा त्रास सकाळी नाही, ढग असताना नाही, फक्त भर उन्हात होतो. आणि तुमच्या गल्लीत सगळ्यांच्याच छतावर पॅनल असतील तर सगळे एकाच वेळी ढकलत असतात, घरोघरी लोक कामाला गेलेले, लोड काही नाही, म्हणजे वीज उलटी ट्रान्सफॉर्मरकडे वाहायला लागते आणि लाईनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त होतं. पूर्वीचा हिशोब उलटा होता, ट्रान्सफॉर्मरपासून लांब जाल तसं व्होल्टेज कमी होत जाणार, म्हणून शेवटच्या घराला संध्याकाळी पुरेसं मिळावं यासाठी ट्रान्सफॉर्मरलाच व्होल्टेज थोडं चढं ठेवायचे. अजूनही बऱ्याच ठिकाणी तेच सेटिंग आहे, म्हणजे सोलरला वर जायला जागाच कमी उरलेली असते.

यात अजून एक जुनी गोष्ट आहे. १९८३ मध्ये आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये २२० आणि २४० च्या ऐवजी २३० व्होल्ट हा एकच आकडा ठरवला गेला, पण म्हणून सगळीकडे ट्रान्सफॉर्मर बदलले नाहीत. ब्रिटनसारख्या आधी २४० व्होल्ट असलेल्या देशात आजही प्लगमध्ये २४० च्या आसपासच मिळतं, कारण ते नवीन मर्यादेत बसतं. युरोपात ही मर्यादा २३० च्या १० टक्के वर-खाली आहे, म्हणजे २०७ ते २५३, आणि ती १० मिनिटांच्या सरासरीवर मोजतात. ऑस्ट्रेलियात इन्व्हर्टरसाठी १० मिनिटांची सरासरी मर्यादा २५८ आहे. अमेरिकेतल्या आयईईई १५४७ या ग्रिड जोडणीच्या स्टँडर्डच्या २०१८ च्या आवृत्तीत नेहमीच्या व्होल्टेजच्या ११० टक्क्यांच्या वर गेलं तर काही सेकंदांत आणि १२० टक्क्यांच्या वर गेलं तर ०.१६ सेकंदात बंद व्हायचं असं आहे. तुमच्या इन्व्हर्टरमध्ये कुठला ग्रिड कोड (त्या त्या देशाच्या मर्यादांचं सेटिंग) टाकलाय त्यावर तुमचा आकडा ठरतो, तो इंस्टॉलरकडून विचारून घ्या आणि लिहून ठेवा, कारण २५३ चा आहे की २५८ चा आहे हे माहीत नसताना नुसतं 'व्होल्टेज जास्त आहे' म्हणण्याला अर्थ नाही. कधीकधी कोडच चुकीच्या देशाचा टाकलेला सापडतो, तसं असेल तर इंस्टॉलरने तो दुरुस्त केला की प्रॉब्लेम तिथेच संपतो.

बरं आता मोजायचं कसं. सगळ्यात आधी ॲपमध्ये पॉवर आणि एसी व्होल्टेज या दोन्ही रेषा एकत्र लावून बघा, बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते पण पटकन सापडत नाही, थोडं शोधावं लागतं. पॉवर वाढते तसं व्होल्टेज वाढतंय आणि कट झाल्यावर एकदम खाली येतंय असं दिसलं तर त्या उडीकडे नीट लक्ष द्या. ट्रिप व्हायच्या आधी २५३ आणि ट्रिप झाल्यावर २४५, म्हणजे ८ व्होल्ट सोलरमुळे वाढत होते आणि २४५ हे आजूबाजूच्या ग्रिडचं. एवढं तर घरबसल्या कळतं. फक्त ॲप दर ५ मिनिटांनी एकच रीडिंग ठेवत असेल तर नेमका ट्रिप होतानाचा आकडा त्यात सापडेलच असं नाही, आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं मोजमाप एखाद-दोन टक्के चुकू शकतं, २५० व्होल्टला ते अडीच ते पाच व्होल्ट होतात, म्हणून मल्टीमीटरने एकदा तरी पडताळा घ्याच.

मल्टीमीटरचं काम लाईव्ह टर्मिनलवर असतं, त्यामुळे सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात हिरोगिरी नको. मीटर ट्रू आरएमएस (लहरीचा आकार बिघडलेला असला तरी बरोबर व्होल्टेज दाखवणारा) आणि कॅट थ्री (मेन बोर्डावर वापरायच्या सुरक्षेचं रेटिंग) किंवा त्याच्या वरच्या रेटिंगचा असावा. तीन रीडिंग घ्यायची आहेत, तिन्ही स्वच्छ उन्हात, जनरेशन जवळपास फुल असताना, एकापाठोपाठ. पहिलं इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलवर, दुसरं मेन बोर्डावर, दोन्ही इन्व्हर्टर चालू असताना. मग इन्व्हर्टर एसी बाजूने बंद करायचा आणि मेन बोर्डावरचं तिसरं रीडिंग घ्यायचं. या वेळात घरातला लोड बदलू देऊ नका, मोटर किंवा गीझर मध्येच चालू झाला की सगळा हिशोब बिघडतो.

समजा ५ किलोवॅटची सिस्टिम आहे, म्हणजे साधारण २२ अँपिअर. रीडिंग आली २५४, २४८ आणि २४४. याचा अर्थ सरळ आहे, इन्व्हर्टर ते मेन बोर्ड या तुमच्याच केबलमध्ये ६ व्होल्ट वाढतायत, मेन बोर्ड ते ट्रान्सफॉर्मर यात ४, आणि मूळ ग्रिड २४४ वर आहे. इथे तुमच्या हातातले ६ व्होल्ट आधी पकडायचे. ते कुठून येतात बघा, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल ३० मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ६० मीटरचा रेझिस्टन्स साधारण ०.२८ ओहम होतो, त्याला २२ ने गुणा, झाले ६ व्होल्ट. तीच केबल १० स्क्वेअर एमएमची केली तर अडीच व्होल्टच्या आत येतं. म्हणजे नुसती केबल बदलून साडेतीन व्होल्ट सुटले आणि बऱ्याच घरांत तेवढ्यात ट्रिपिंग थांबतं. शिवाय बारीक केबलमध्ये फुल जनरेशनला १३० वॅटच्या वर नुसती उष्णता होत होती ती निम्म्याहून कमी होते, ती पण तुमच्याच पॅनलने बनवलेली वीज होती. केबल निवडताना ती करंटने जळणार नाही एवढंच बघतात, व्होल्टेज किती वाढेल हे बघत नाहीत, आणि माझ्या मते घरगुती सोलरमधली ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. इन्व्हर्टर मेन बोर्डाच्या जितका जवळ तितकं चांगलं, लांबी वाढवायचीच असेल तर डीसी बाजूची वाढवा, कारण तिथे व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो, आणि तिथल्या केबलमुळे ग्रिडच्या बाजूचं व्होल्टेज वाढत नाही.

पण केबल पुरेशी जाड असून फरक जास्त येत असेल तर जॉइंट बघा. लूज स्क्रू, नीट क्रिम्प न केलेला (दाबून न बसवलेला) लग म्हणजे वायरच्या टोकाची धातूची टोपी, ॲल्युमिनियमची वायर तांब्याच्या टर्मिनलमध्ये तशीच घुसवलेली, आयसोलेटर स्विचचे खराब झालेले काँटॅक्ट, एमसीबीचा सैल टर्मिनल. नुसत्या ०.१ ओहमचा खराब जॉइंट २२ अँपिअरला २ व्होल्टच्या वर खातो आणि त्या एका ठिकाणी जवळपास ५० वॅट उष्णता होते, रोज, तासन्‌तास, एवढ्याशा प्लास्टिकच्या डबीत. त्यामुळे हा ट्रिपिंगचा प्रश्न राहत नाही, आगीचा होतो. बोर्डात कुठे पिवळट-तपकिरी डाग, वितळलेलं इन्सुलेशन, जळका वास असेल तर पुढचं मोजणं बाजूला ठेवून आधी ते दुरुस्त करा. टर्मिनल टाईट करायचं काम सगळं बंद करूनच, आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर बंद, आणि पॅनलचे कनेक्टर उन्हात चालू लोडवर कधीच ओढून काढायचे नाहीत, डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही.

दुसरा प्रकार बघा. रीडिंग आली २५२, २५० आणि इन्व्हर्टर बंद केल्यावर २३६. तुमची केबल उत्तम आहे, फक्त २ व्होल्ट, पण मेन बोर्डाच्या पलीकडे १४ व्होल्ट वाढतायत. १४ भागिले २२ म्हणजे साधारण ०.६४ ओहम, एखाद्या घराच्या सप्लायसाठी हे बरंच जास्त आहे. एक तर ट्रान्सफॉर्मर खूप लांब आहे आणि लाईन बारीक आहे, नाहीतर सर्व्हिस केबलमध्ये किंवा मीटरच्या आसपास कुठेतरी जॉइंट खराब आहे. याचा क्रॉसचेक रात्री करता येतो, सोलर नसताना. मेन बोर्डावर व्होल्टेज बघा, मग २ किलोवॅटचा हिटर किंवा गीझर चालू करा आणि परत बघा. ०.६४ ओहम खरंच असेल तर ९ अँपिअरला ५ ते ६ व्होल्ट पडलेले दिसतील. दोन्ही हिशोब जुळले की प्रॉब्लेम नक्की लाईनमध्येच आहे, आणि दिवसा जास्त व्होल्टेज आणि रात्री कमी व्होल्टेज या दोन्हीचं मूळ एकच आहे. अशा वेळी संध्याकाळी दिवे मंद होतात अशीही तक्रार घरात असतेच, फक्त कोणी ती सोलरशी जोडलेली नसते.

इथे एक गंभीर गोष्ट. एखादा मोठा लोड चालू केल्यावर घरातले काही दिवे मंद होतायत आणि काही एकदम प्रखर होतायत असं दिसलं तर न्यूट्रल लूज झालेला किंवा तुटायच्या बेतात असू शकतो. थ्री फेज सप्लायमध्ये न्यूट्रल सुटला तर एका फेजचं व्होल्टेज ४०० च्या दिशेने जाऊ शकतं आणि मग इन्व्हर्टरच काय, घरातलं काहीही वाचत नाही. सोलर बंद, मेन स्विच बंद, आणि वीज कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला लगेच फोन, त्यात उद्या-परवा करू नका.

तिसरा प्रकार म्हणजे इन्व्हर्टर बंद केल्यावरही मेन बोर्डावर २५० किंवा २५१. इथे तुमच्या घरात काही केलं तरी फारसा फरक पडणार नाही, ग्रिडच वर बसलंय. हे वीज कंपनीने सोडवायचं आहे आणि त्यांच्याकडे उपाय आहेत. डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मरला टॅप असतात, म्हणजे बाहेर जाणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, साधारण अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्यांचे, एक पायरी खाली केली की सहा व्होल्टच्या आसपास कमी होतात. त्यासाठी सप्लाय थोडा वेळ बंद करावा लागतो म्हणून टाळाटाळ होते, आणि दुसरी भीती खरी असते की दुपारसाठी खाली केलं तर संध्याकाळी शेवटच्या घरांना कमी पडेल. पण फेजवरचा लोड नीट वाटून देणं, जुने जॉइंट बदलणं, जास्तच सोलर झालेल्या ठिकाणी लोड चालू असतानाच स्वतःहून टॅप बदलणारा ट्रान्सफॉर्मर बसवणं, हे सगळं करता येतं आणि जगात ठिकठिकाणी केलं जातं.

तक्रार करताना 'माझा सोलर ट्रिप होतो' असं लिहिलंत तर उत्तर ठरलेलं येतं, तुमचा इन्व्हर्टर तपासा. त्याऐवजी तारीख, वेळ, सोलर बंद असतानाचं मेन बोर्डावरचं व्होल्टेज आणि सोलर चालू असतानाचं व्होल्टेज असं लिहून द्या, सलग आठवडाभराचं, सोबत ॲपचे ग्राफ. सोलर बंद असताना व्होल्टेज मर्यादेच्या जवळ किंवा वर असेल तर ते त्यांना नाकारता येत नाही, कारण त्यात तुमच्या सिस्टिमचा काही संबंधच उरत नाही. मग त्यांना तुमच्या मीटरपाशी व्होल्टेज रेकॉर्डर लावायची लेखी विनंती करा. शेजाऱ्यांकडेही सोलर असेल आणि त्यांनाही हाच त्रास असेल तर एकत्र अर्ज द्या, त्याचं वजन वेगळं असतं.

आता तोपर्यंत आणि त्याशिवाय घरात काय करता येईल ते. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे दुपारची वीज दुपारी घरातच वापरणं. गीझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, गाडीचं चार्जिंग, जे काही पुढे-मागे करता येतं ते अकरा ते तीनमध्ये आणा. २ किलोवॅटचा गीझर चालू असेल तर बाहेर जाणारे ९ अँपिअर कमी होतात आणि लाईनमधली तेवढी व्होल्टेजवाढ होत नाही. वरच्या पहिल्या उदाहरणात ती दीड व्होल्टच्या आसपास भरते, कमी वाटतं, पण तुम्ही मर्यादेच्या काठावर असताना दीड व्होल्टवरच सगळं अवलंबून असतं, आणि दुसऱ्या उदाहरणासारखी कमजोर लाईन असेल तर हाच फरक जवळपास सहा व्होल्टचा होतो. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. यामुळे इन्व्हर्टर ते मेन बोर्ड या केबलमधली वाढ कमी होत नाही कारण त्यातून करंट तेवढाच जातो, आणि थ्री फेज घरात सिंगल फेज इन्व्हर्टर असेल तर लोड त्याच फेजवर असला पाहिजे, दुसऱ्या फेजवरचा गीझर कितीही तापवला तरी इन्व्हर्टरला ते कळणार नाही. कुठला लोड कुठल्या फेजवर आहे हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा लिहून घेतलंत तर कायमचं उपयोगी पडेल, आणि कधीकधी इन्व्हर्टर जास्त लोडच्या फेजवर हलवूनच प्रश्न मिटतो.

बॅटरी असेल तर तिचं चार्जिंग शेड्यूल बघा. डिफॉल्टला ती सकाळी ऊन आल्याबरोबर भरायला लागते आणि दहा-साडेदहाला फुल होते, म्हणजे जेव्हा खरी गरज आहे तेव्हा तिच्यात जागाच नसते. सकाळी थोडी वीज बाहेर जाऊ द्या, तेव्हा व्होल्टेज कमीच असतं, आणि बॅटरी अकराच्या पुढे भरायला लावा. इन्व्हर्टरमध्ये सहसा फक्त वेळ बदलायची असते, खर्च शून्य. फक्त पावसाळी दिवसांत ती अर्धवट राहणार नाही याकडे लक्ष ठेवा.

नवीन सिस्टिम घेणार असाल किंवा वाढवणार असाल आणि थ्री फेज सप्लाय उपलब्ध असेल तर थ्री फेज इन्व्हर्टरच घ्या असं मी ठामपणे सांगेन. सिंगल फेजमध्ये पूर्ण करंट एका फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो, दोन्ही वायरमध्ये व्होल्टेज वाढतं. तीच पॉवर तीन फेजवर समान वाटली तर प्रत्येकात एक तृतीयांश करंट आणि सोलरचा न्यूट्रलमध्ये जवळपास काहीच नाही, म्हणजे वाढ साधारण एक षष्ठांशावर येते. ६ व्होल्टच्या जागी १ व्होल्ट. यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कुठल्याच उपायाने पडत नाही.

मग इन्व्हर्टरच्या आतली सेटिंग. आजकालच्या बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज वाढायला लागलं की एकदम बंद होण्याऐवजी पॉवर हळूहळू कमी करायची सोय असते, तिला व्होल्ट-वॅट म्हणतात, आणि दुसरी व्होल्ट-व्हार, ज्यात तो रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता लाईनमध्ये नुसती ये-जा करणारी पॉवर) ओढून व्होल्टेज थोडं खाली आणतो. दोन्ही बहुतेकदा इंस्टॉलरच्या पासवर्डमागे असतात आणि कित्येक ठिकाणी चालूच केलेल्या नसतात. चालू आहेत का विचारा, आणि वीज कंपनीचा नियम परवानगी देत असेल तर चालू करून घ्या. व्होल्ट-व्हारचा फायदा लाईन कशी आहे त्यावर आहे, घरापर्यंत येणाऱ्या बारीक लांब केबलमध्ये रेझिस्टन्सच जास्त असतो त्यामुळे तिथे त्याचा परिणाम मर्यादित, ट्रान्सफॉर्मरजवळ किंवा ओव्हरहेड लाईनवर जास्त.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, ट्रिपची मर्यादा वाढवून घेऊ नका. 'सेटिंगमध्ये २६५ टाकून देतो, परत त्रास नाही होणार' असं सांगणारे भेटतात. त्याने ट्रिपिंग थांबतं पण वाढलेलं व्होल्टेज घरातल्या फ्रिजला, टीव्हीला, चार्जरला आणि शेजाऱ्यांच्याही सगळ्या उपकरणांना दिवसभर मिळत राहतं. २३० च्या ऐवजी २५३ मिळालं तरी साध्या हीटिंगच्या उपकरणाची पॉवर २१ टक्क्यांनी वाढते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते. थर्मोस्टॅट असलेला गीझर लवकर गरम होऊन बंद होईल, पण थर्मोस्टॅट नसलेलं हीटिंगचं उपकरण तेवढी जास्त वीज खात आणि तापत बसेल. शिवाय ग्रिड जोडणीच्या अटी मोडल्या जातात. मध्ये घरगुती स्टॅबिलायझर लावायचा सल्लाही ऐकू नका, तो वीज एकाच दिशेने जाईल असं धरून बनवलेला असतो.

केबल, जॉइंट, लोड सगळं करून झालं आणि आता फक्त वीज कंपनीची वाट बघायची आहे, तर मधल्या काळासाठी इन्व्हर्टरची कमाल पॉवर थोडी कमी करून ठेवा. लोकांना हे पटत नाही, की मी जनरेशन मुद्दाम कमी का करू. पण हिशोब करून बघा. ५ किलोवॅटच्या सिस्टिमला ४ वर मर्यादा घातली तर दुपारी साडेचार किलोवॅट येत असताना फक्त अर्धा किलोवॅट सुटतो, तोही दोन-तीन तासच, आणि सोलरमुळे होणारी व्होल्टेजवाढही त्याच प्रमाणात कमी होते. तेच ट्रिप झाला तर सगळेच्या सगळे साडेचार जातात, परत जोडायच्या आधीची सक्तीची वाट कुठे १ मिनिट तर कुठे ५ मिनिटं असते, आणि त्यानंतर हळूहळू चढायचा वेळ वेगळा. ५ मिनिटांची एक ट्रिप म्हणजे सव्वा तिनशे ते पावणेचारशे वॅट-अवर गेले, तासात चार-पाच वेळा झाली तर दीड युनिटच्या वर. ते युनिट दुसरीकडून येतं, आणि कोळशावरच्या वीजकेंद्रातून आलं तर प्रत्येक युनिटमागे जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्यापेक्षा ४ वर शांतपणे चालू राहिलेला इन्व्हर्टर कधीही बरा. आधी ९० टक्क्यांवर दोन-तीन उन्हाचे दिवस बघा, ट्रिप झाला तर ८० वर आणा, आणि ज्या आकड्यावर एररची यादी रिकामी राहते तिथे थांबा. ही तारीख आणि आकडा बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, कारण ट्रान्सफॉर्मरचं काम झाल्यावर मर्यादा परत १०० वर न्यायची असते, आणि तोपर्यंत ती कोणी आणि का लावली होती हे घरात कोणालाच आठवत नसतं.